पडद्यांचा दुसरा जोड

अमेरिकेतल्या मेनच्या किनाऱ्यापासून तीन मैल आत समुद्रात गल लेजचा खडक, खडकावर दीपगृह आणि दीपगृहात झिल्फा बील. नवरा एसा न्यूमोनियानं गेला, तेव्हापासून दीड वर्षं दिवा तीच सांभाळत होती. पण कागदोपत्री ‘तात्पुरती’. या शब्दाचा तिला मनापासून राग यायचा. तिच्या आजोबांनी या मनोऱ्याचे ग्रॅनाइटचे दगड एकमेकांच्या खाचांत बसतील असे घडवले, किनाऱ्यावर एकदा रचून पाहिले, नंबर टाकून सुटे केले आणि बोटीनं आणून इथं पुन्हा चढवले. आणि म्हणे नात तात्पुरती!

जूनमधल्या एका लख्ख सकाळी समोरच्या बेटावरच्या दीपगृह राखणदाराच्या बायकोनं दोरीवर लाल घोंगडी टाकली. याचा अर्थ या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगेल: तपासनीस निघालाय! झिल्फा पितळ घासायला वर पळाली, तिची मोठी नणंद थर्झा खाली जे हाताला लागेल ते धुवत सुटली. झिल्फाला ठेवायचं की काढायचं, हे साहेब आज ठरवणार होते. आणि तरी धांदल एवढी, की दोघी समोरासमोर आल्या की फिदीफिदी हसत होत्या.

प्रॅटसाहेब पांढरे हातमोजे घालूनच बोटीतून उतरले. एकशे चौदा पायऱ्या धापा टाकत चढले, कठड्यावरून बोट फिरवलं. धूळ नाही. मग दिव्याभोवतीच्या भिंगात शिरले. फ्रान्सहून पेंढ्यात बांधून आलेलं ते भिंग म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी काचेची कोठीच. बाहेरून झिल्फाला साहेबांचं नाक भोपळ्याएवढं दिसायला लागलं. तिनं गाल आतून चावून धरले.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. त्या काचेतून अक्षरंही वीतभर दिसत होती, न वाचून करते काय? ‘व्यवस्था उत्तम. मात्र इथे पुरुष नेमावा.’

तिचं हसू तिथंच विरलं. साहेबांनी वही दिव्याशेजारी ठेवली आणि पाठ फिरवून पितळ तपासायला लागले. तेवढ्यात वहीतून धुराची बारीक रेघ उठली. ऊन! दिवसा भिंगावर ऊन पडू द्यायचं नसतं, म्हणून तर खिडक्यांना जाड पडदे असतात. झिल्फानं वळून पाहिलं. पडदे नव्हते!

“वन्सं! पडदे कुठायत?” ती गॅलरीतून ओरडली.

“धुतले गं!” थर्झानं खालून दोरीकडे हात केला. “बघ तरी, कसे पांढरेशुभ्र निघालेत!”

वहीनं पेट घेतला. ‘पुरुष नेमावा’ काळं पडून गुंडाळायला लागलं, आणि क्षणभर झिल्फाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण शेजारीच रॉकेलची टाकी होती. तिनं झगा वर करून नाडी ओढली आणि आतला परकर सोडून भिंगावर फेकला. मग आत घुसून वही पायाखाली तुडवली.

धूर निवळला. भिंगावर लेसचा परकर, त्याच्या सावलीत साहेब. तपासणीला म्हणून खास इस्त्री केलेला परकर होता तो.

“बाई, हे...” साहेबांच्या मिशा थरथरत होत्या, “हे नियमात बसतं का?”

“परकर बसत नाही साहेब. पण भिंग झाकलेलं हवं, हे बसतं.”

साहेबांनी अर्धवट जळालेली वही उचलली. “माझा सगळा शेरा गेला. आता पहिल्यापासून लिहावा लागणार.”

“मग आता जरा बरा लिहा की!”

साहेब आधी खोकले. मग त्यांना जे हसू फुटलं, ते पार खालच्या पायरीपर्यंत पोचलं. एवढ्यात थर्झा ओले पडदे खांद्यावर टाकून वर आली आणि भिंगाकडे बघून मटकन खाली बसली.

“अगंबाई! हा तर मी शिवलेला!”

ऑगस्टमध्ये सरकारी बोटीनं पाकीट आणलं. नेमणूक: झिल्फा बील, दीपगृह राखणदार. कायम. हा शब्द तिनं थर्झाला तीनदा मोठ्यानं वाचून दाखवला आणि चौथ्यांदा वाचताना रडली. पाकिटासोबत एक गाठोडं होतं, त्यावर साहेबांच्या हातची चिठ्ठी: ‘पडद्यांचा दुसरा जोड. एक धुताना दुसरा लावावा. परकर घालण्यासाठी आहे.’