हॉलसाठी घेतलेला गालिचा

वरठीला घर बांधलं, तेव्हा बाबांना लकवा होऊन वर्ष झालं होतं. जीव वाचला, पण डावा पाय उचलत नसे. काठी टेकायची आणि तो फरफटत न्यायचा. मला कारखान्यात नुकतीच बढती मिळाली होती. साहेब सहकुटुंब जेवायला येणार होते. म्हणून हॉलसाठी गालिचा घ्यायला आम्ही भंडाऱ्याला गेलो. बाबांना त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं होतं, तेही सोबत होते.

दुकानदार समजूतदार होता. घरात लहान मुलं आहेत का, चपला बाहेर काढता का, म्हातारं माणूस आहे का, सगळं विचारून त्यानं एक पातळ, घट्ट विणीचा, गडद गालिचा पसरला. "हा घ्या. पाय अडकत नाही, डाग दिसत नाही, झाडूनं साफ होते."

मला तो सतरंजीसारखा वाटला. मी मलईच्या रंगाच्या, बोटभर जाड लवेच्या गालिच्याकडे हात केला. साहेबांच्या घरी तसाच होता.

बायको हळूच म्हणाली, "मामाजींचा पाय अडकन त्याच्यात."

"बाबांले हॉलमध्ये काय काम आहे?" मी म्हणालो.

बाबा दुकानाच्या दारातच स्टुलावर बसले होते. त्यांचे कान चांगले होते.

काम होतं. रोज सकाळी ते हॉलमधल्या फोटोंसमोर मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणत. गालिचा आल्यावर तिसऱ्याच सकाळी त्यांचा अंगठा लवेत अडकला आणि पेटत्या मेणबत्तीसकट ते पडले. कपाळ टेबलावर आपटलं. मी धावत आलो आणि आधी गालिचा पाहिला. मेण सांडलं होतं, थोडी लव जळली होती.

"पाय उचलून चालता येत नाही का? साहेब येऊन राहिले परवा!"

कपाळातून रक्त येत होतं. बाबा पडल्या पडल्याच म्हणाले, "चुकलं गा माझं." आणि नखानं मेण खरवडू लागले. मी त्यांना खरवडू दिलं.

साहेब आले त्या दिवशी बाबांना मागच्या खोलीत बसवलं. साहेबांच्या बायकोला गालिचा फार आवडला. "घरी कोण कोण असतं?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही दोघं आणि दोन मुलं," मी म्हणालो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग वाढायला उठली. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पिशवी भरली. "मले आंधळगावले बाईकडे सोडून दे." बाई म्हणजे माझी मोठी बहीण. मी थांबा म्हणालो नाही. मोटारसायकलवर बसवून नेलं, चहासुद्धा न घेता ड्युटीवर परतलो.

पावसाळ्यात गालिच्याला कुबट वास सुटला. दोनदा उन्हात टाकला, तरी जाईना, फेकून दिला. मग मी बाबांना आणायला गेलो. ते बहिणीच्या सारवलेल्या ओसरीत भिंत धरून चालत होते.

"घरी चला बाबा. गालिचा काढला."

ते थांबले. "गालिच्यानं काय केलं होतं गा?"

बहीण सुपातले तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढं मी महिन्यातून एकदा जात असे. बाबा मला खुर्ची द्यायला सांगत, पाणी मागवत आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारत, "कवा निघतेस?" शेवटपर्यंत ते तिथंच राहिले.