रविवारचा काढा

माझा नवरा गिरणीत पिंजणखात्यात होता. तिथं कापूस पिंजतात, माणूस संध्याकाळी घरी येतो तो भुवयांपर्यंत पांढरा होऊन. खोकला सगळ्यांनाच. कुणी गूळ चघळायचं, कुणी तोंडाला फडकं बांधायचं. मी अडुळशाची पानं, ज्येष्ठमध आणि सुंठ उकळून काढा करायची. आठवडाभर त्यांना घोटभर प्यायला कुठली फुरसत? रविवारी गिरणी बंद, तेव्हा समोर बसवून दोन वाट्या पाजायची.

आणि दर सोमवारी त्यांची छाती आवळायची! बाकीचे दिवस खोकत का होईना, निभायचं. सोमवारी मात्र श्वासच पुरेना.

सासूबाई मैंदर्गीहून आल्या होत्या. दोन सोमवार त्यांनी पाहिलं आणि तोंड सोडलं. "माज्या पोराला काय पाजतीस गं? मारतीस व्हय त्येला?"

मी काय कमी होते? मीही ताडताड बोलले. पण मनात पाल चुकचुकली. रविवारी काढा, सोमवारी धाप. अगं बाई, म्हणजे मीच, याच हातांनी? नवऱ्याला विचारलं, "अहो, काढ्यानंच होतं का हो?"

"आसंल," ते म्हणाले. एवढंच.

मी पातेलं मोरीत उपडं केलं, परसातला अडुळसा मुळासकट उपटला आणि देवापुढं नाक घासलं.

पुढच्या सोमवारी ते जेवण घरीच विसरले, म्हणून मधल्या सुट्टीला मी गिरणीच्या फाटकाशी गेले. बघते तर काय! पिंजणखात्यातली सगळी माणसं भिंतीला टेकून, छाती धरून बसलेली. त्यांच्यातच माझा नवरा. काढ्याचा थेंब पोटात नाही, तरी तीच धाप.

"काय झालं हो सगळ्यांना?" मी एका म्हाताऱ्या कामगाराला विचारलं.

"सोमवार हाय की आज. सुट्टीनंतर पैल्या दिवशी धूळ लई बाधती. वर्सानुवर्सं आसंच हाय. तुमच्या मालकानं घरी सांगितलं न्हाय व्हय तुमाला?"

मी तशीच नवऱ्याकडं वळले. "तुम्हाला ठाऊक होतं? आणि मला नवऱ्याला विष घालणारी ठरू दिलंत?"

ते धापा टाकत म्हणाले, "धुळीचं हाय म्हनलं आसतं, तर तू मला आत जाऊ दिलं आसतंस व्हय?"

नसतंच जाऊ दिलं, असं मी ओरडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंगा झाला, तेव्हा त्यांना हलवून उठवलं ते मीच.