ही फेरी इंदूची

"पाय दाखव."

इनामदारीनबाई सोप्यातल्या झोपाळ्यावर बसल्या व्हत्या. मी खाली अंगनात. बाजूला माझा बा, पटका काखंत धरून. बाईंनी हातातली वेताची छडी पुढं केली आन छडीच्या टोकानं माझा परकर गुडघ्यापातुर वर सारला. समद्यांच्या देखत. मग पोटरीत टोचलं. बाजारात म्हस घेताना टोचत्यात तसं.

"अगबाई, बैलाच्या पोटऱ्या आहेत की. चालेल ही."

सोप्यातल्या बाया हसल्या. दारातला गडी हसला. माझा बा बी हसला. मला परकर खाली वढायचा व्हता, पन छडी मधी. तेराचौदा वर्सांची पोर मी. तवापातुर माझ्या पोटऱ्यांकडं कुनी बघितलं नव्हतं, माझ्या मला बी त्येंची सय नव्हती. त्या दिशी पयल्यांदा वाटलं, ह्ये पाय हितंच कापून टाकावं आन घरी जावं.

आमचं गाव वेल्ह्याच्या वाटंवर, मार्गासनीच्या वरल्या अंगाला. जमीन इनामदारांची, आमी अर्धेलीनं करायचो. पिकंल त्येच्यातलं निम्मं भोरला त्येंच्या घरी पोचवायचं. आडनाव त्येंचं आन आमचं एकच. पन आमी गेलो की उभं ऱ्हायचं ते अंगनात. त्येंचा निरोप आला, धडधाकट पोरगी पाठवा, चालनारी. बा न्हाई कसा म्हनंल? आई लहानपनीच गेलती, ती असती तर काय म्हनली असती कुनास ठाऊक. मी गुरं घेऊन डोंगरात हिंडायची. सकाळी चढायची, सांजच्याला उतरायची. काटा मोडला तर दगडावर बसून काढायची. चालनं म्हंजे काम हाय आसं मला म्हाईत बी नव्हतं. भोरात गेली तवा कळलं.

इनामदारांना लेक एकच. इंदू. माझ्याच वयाची. ती वयात आली आन तिचा उंबरा बंद झाला. मोठ्या घरचा गोषा. बाहेरच्या मानसानं तिची सावली बघायची न्हाई, तिनं रस्ता बघायचा न्हाई. माजघरात गादी, गादीवर लोड, लोडाला टेकून इंदू. तांब्या हातात आनून द्यायचा. केस विंचरायला एक बाई, पाय चेपायला दुसरी. आता न चालनाऱ्या पायांचं काय चेपायचं, सांगा. दिसभर मन्यांची तोरनं ववायची, कंटाळली की ढकलून द्यायची, लाडू खायची आन निजायची. चार पायऱ्या चढली की धाप. घोटं सुजलेलं. तोंड पांढरंफटक. आन घरातल्या बाया म्हनायच्या, काय रंग उजळलाय पोरीचा.

लगीन ठरवायची घाई व्हती. बघायला येनारे मुलीला चालून दाखवायला सांगत्यात. ही चालंल कशी? म्हनून पुन्याचा डाक्तर आनला. मोटारीतनं. मी पडद्यामागं पानी घेऊन उभी व्हती, मी ऐकलं. त्यो म्हनाला, "औषध मी देईन, पण त्याचा उपयोग नाही. हिला चालवा. रोज, मोकळ्या हवेत, घाम येईपर्यंत. बसून बसून ही पोर संपेल."

डाक्तर गेला. मग घरात खल झाला. इनामदारांची लेक रस्त्यानं चालनार? लोक काय म्हनतील? मग घरचे भटजी आले. त्येंनी तोड काढली. म्हनाले, "चालणं म्हणजे प्रदक्षिणाच की. पिंपळाला घाला मुलीच्या नावानं. स्वतःला जमत नसेल तर दुसऱ्याकडून करवावी. फळ जिच्या नावाचा संकल्प तिलाच."

हसू येतंय न्हवं? पन त्या घरात समदं आसंच चालायचं. पोथी भटजींनी वाचायची, पुन्य बाईंना. उपास एका गरीब विधवंनं धरायचा, फळ मालकांना. मग चालनं तेवढं का सुटंल? त्येंच्या डोक्यात बसलं की देवाचं जसं दुसऱ्याकडनं करून घेता येतं, तसं अंगाचं बी येतं. कुनाला त्यात वावगं वाटलं न्हाई. एवढी मोठमोठी मानसं, एकाला न्हाई.

म्हनून मी.

नीरेच्या काठाला पिंपळाचा पार व्हता. उजाडलं की तितं जायचं. इंदूच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून माझ्या कमरंला बांधायचे. देवाला कळाया नको का, पाय कुनाचं आन फेरी कुनाची. रखमा म्हनून घरची जुनी मोलकरीन पारावर बसायची, माझ्यावर नजर ठेवायला. थांबायचं न्हाई, कुनाशी बोलायचं न्हाई. आन पारामागनं फिरून पुढं आली की मोठ्यानं म्हनायचं, "ही फेरी इंदूची." ऊन डोक्यावर येईस्तवर. सांजच्याला परत.

शाळंची पोरं त्याच वाटंनं जायची. त्येंना आयती गंमत. एकजन माझ्या मागं तंगड्या फाकवून चालायचा, बाकीचे वरडायचे, "ही जांभई इंदूची, ही शिंक इंदूची." मला उलटून बोलायची मुभा नव्हती. डोंगरात माझ्याशी गुरं तरी बोलायची. हितं नदीवर धुनं धुनाऱ्या बाया माझ्याकडं बघायच्या आन आपसात बोलायच्या. एवढ्या मोठ्या भोरात मला नावानं हाक मारनारं कुनी नव्हतं. इनामदारांच्या घरात मला "पाय" म्हनायचे. "पाय आले का? पायांना भाकरी वाढा."

बोलायची ती एक इंदू. दुपारी घर निजलं की मला जवळ बसवायची.

"आज काय काय पाहिलंस?"

मी सांगायची. परटाची गाढवं, नदीला आलेलं नवं पानी, कुनाचा तरी पाय घसरून बुडालेला तांब्या. ती डोळं मिटून ऐकायची. मला बरं वाटायचं. खरं सांगते, त्येवढ्यासाठी मी दिसभर चालायची. एक दिस ती म्हनाली, "मला नेशील? इथंच, परसात."

मागल्या परसात हीर व्हती, पलीकडं गोठा. हिरीपासनं गोठ्यापातुर आमी दोघी गेलो. माझ्या खांद्यावर तिचा हात, लोन्यासारखा मऊ, घामानं भिजलेला. निम्म्यात बसली. धापा टाकत हसायला लागली. म्हनाली, "माती गरम आहे गं. गुदगुल्या होतात." त्येच्यानंतर रोज दुपारी. हळूहळू ती न बसता गोठ्याला हात लावून यायला लागली. घोट्याची सूज उतरली. आन एक दिस आपन व्हऊन म्हनाली, भूक लागली. बाईंना आनंद झाला. त्येंनी पिंपळाला नारळ फोडला. फेऱ्या लागू पडल्या म्हनाल्या.

मग एका दुपारी बाईंनी इंदूचं तोंड खिडकीजवळ धरून बघितलं. गालावर उन्हाचा रंग चढला व्हता. नाकाची साल निघाली व्हती.

"ही काळी कशानं पडली? कोणी नेलं उन्हात?"

मी दारात उभी. मला वाटलं, इंदू सांगंल. सांगंल की मी चालते आता, आई, बघ. इंदूनं माझ्याकडं बघितलं, खाली बघितलं आन म्हनाली, "हिनं."

एकच शब्द. तवाची तिची खाली घातलेली मान मला आजून दिसती. तिला मार पडला आसता म्हनून भ्याली आसंल. समजतं मला. पन त्या घरात माझं जे एक मानूस व्हतं, ते त्या शब्दासरशी गेलं.

मला छडी बसली. ती कुठं बसली ते बघितलंत का? पोटऱ्यांवर. आन दुसऱ्या दिशी त्याच पोटऱ्यांनी पुन्हा पिंपळाला.

परसाच्या दाराला कुलूप लागलं. इंदू पुन्हा लोडाला. महिन्याभरात पुन्हा सूज, पुन्हा धाप, आता खोकला बी. फेऱ्या तर चालूच. मग ती बरी का व्हईना? भटजींना इचारलं. भटजींनी मला बोलावून वरनं खालपातुर न्याहाळलं. माझं अंग भरलेलं, रोजच्या चालीनं तोंडावर तुकतुकी. बाईंच्या टाळक्यात लख्ख उजेड पडला.

"तरीच. माझी पोर वाळतेय आणि ही बघा कशी फुललीय. फेऱ्या माझ्या लेकीच्या आणि फळ ही ठेवून घेते. चोर आहे चोर."

चोर! माझ्याच अंगातली ताकद म्या चोरली. चालली मी, घाम माझा, आन जोम माझ्या अंगात आला ह्यो बी माझाच गुन्हा. मला दिसातनं एकच वेळ जेवायला द्यायचं ठरलं. अंगाला काही लागू द्यायचं न्हाई, म्हंजे फळ आडनार न्हाई, सरळ इंदूकडं जाईल.

उपाशी चालनं काय आसतं ते मला इचारा. पयले चार दिस पोट वरडतं. मग वरडायचं बी थांबतं. पिंपळ आपल्याभोवती फिरतोय आसं वाटायला लागतं. एका सकाळी मी पाराच्या मागं पडली. कपाळाला खोक पडली. नदीवरच्या बाया धावून आल्या न्हाईत. रखमा आली, पानी पाजलं, आन म्हनाली, "ऊठ माजे बाय. ही फेरी पुरी कर, न्हाईतर ती धरायची न्हाई. म्हन, ही फेरी इंदूची."

मी उठली. पिंपळाला हात लावून उभी राहिली. डोळ्यांवर रगत आलं व्हतं ते पुसलं. आन म्हनाली, "ही फेरी माझी."

"काय बोलतीस?"

"माझी. ही बी माझी आन झालेल्या समद्या बी माझ्या."

रखमानं कानांवर हात ठेवलं. म्या कमरंची पट्टी सोडली, पारावर ठेवली आन चालाय लागली. इनामदारांच्या घराकडं न्हाई. कापूरव्होळाच्या रस्त्यानं. मागनं रखमा हाका मारत व्हती. नावानं मारत व्हती. माझं नाव तिला म्हाईत व्हतं म्हंजे, इतके दिस.

नसरापुरात आत्याकडं रात काढली आन दुसऱ्या दिशी घर गाठलं. वाटंत लई रडली. कुनी बघत नव्हतं म्हनून मोकळं रडली.

बा खळ्यावर व्हता. त्यानं कपाळाची खोक बघितली, काय झालं ते ऐकलं, आन म्हनाला, "मागं फिर. पाया पड त्येंच्या."

"न्हाई."

चार दिसांनी इनामदारांचा कारकून घोड्यावर आला. घोड्यावरनं न उतरताच बोलला. "बाईंचा निरोप आहे. संकल्प अर्धा राहिला. मुलीचं काही बरंवाईट झालं तर ते हिच्या माथी. आणि जमिनीचंही मग बघावं लागेल."

बा माझ्याकडं बघत व्हता. हात जोडले नव्हते एवढंच. म्या कारकुनाला सांगितलं, "त्येंच्या लेकीला दोन पाय हायती. तिला चालू द्या. माझं मी देत न्हाई."

जमीन गेली. पेरनीच्या आधीच दुसऱ्याला दिली. बा रोजानं दुसऱ्याच्या बांधावर जायला लागला आन माझ्याशी बोलायचा थांबला. भाकरी वाढली की खायचा, ताट सरकवायचा. भावकीत कुनी आमच्या उंबऱ्याला येईना. पुढल्या वर्सी कळलं, इंदू गेली. लगीन व्हायच्या आधीच. मग तर गावाला तोंडच फुटलं. पानवठ्यावर मी गेली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. हिनंच मारली म्हनायच्या, हिनं फेऱ्या अर्ध्यावर टाकल्या.

इंदू गेल्याचं कळलं त्या दिशी मी डोंगरात जाऊन बसली व्हती एकटी. इंदूचा राग व्हता मला, आजून बी हाय. पन तिचा त्यो घामेजला हात आठवला की माझा हात खांद्याकडं जातो. हिरीपासनं गोठ्यापातुर चालली व्हती ती. भूक लागली म्हनाली व्हती. जगली आसती. माझ्या पायांनी ती मेली न्हाई. तिला बसवून मारली, घरच्यांनी, गादीवर, लाडू चारून. ह्ये मी तवा बी म्हनाली आन आज बी म्हनते, आन त्येचा दोष मी माझ्या माथ्यावर घेनार न्हाई.

पुढं माझं लगीन झालं, आता माझी लेक तेवढ्याच वयाची हाय. आवंदा वयात आली. सासू म्हनली, आता पोरीनं डोंगरात हिंडू नये, घरात बसावं, बरं दिसत न्हाई. नवरा म्हनला, आन हिंडायचंच आसंल तर पाटलाच्या घरी पानी भरायला जाऊ दे, त्येंच्या पोरींना उन्हाचं बाहेर पडवत न्हाई.

म्या चुलीपुढनं उठून दोघांना सांगितलं. माझी लेक घरात बसनार न्हाई. आन घरात बसलेल्या कुना पोरीच्या वाटचं चालनार बी न्हाई. ती गुरं घेऊन जाईल, डोंगर चढंल, तिची ती उतरंल. कुनी अडवली तर मी दारात उभी हाय. ज्येला जे काढून घ्यायचं त्येनं घ्यावं.