दोन ओळी आधी उलटलेलं पान

मिनेगिशी सानाएबाईंचं गावात कुणाशी फारसं पटत नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं असंही नाही. एरवी त्या मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात असतात. आमच्या नगर सभागृहात मैफल असली की पियानोवाल्याच्या डावीकडे बसून स्वरलिपीची पानं उलटतात. एकवीस वर्षं झाली. काळे कपडे, अंगठी नाही, अत्तर नाही, प्रेक्षकांना वाकून नमस्कारसुद्धा नाही. हाताला वास नको म्हणून मैफलीच्या आधी दोन दिवस कारखान्यात रजा टाकतात.

मी दोन वर्षांपासून त्याच सभागृहात दिवे सांभाळतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "कोहेई, तू फार दिसतोस. इथं काम करणाऱ्यानं दिसू नये."

मी तेव्हा पडद्यामागे उभा होतो.

यंदा ऑक्टोबरात ओकिमुरा नावाचे म्हातारे पियानोवादक नऊ वर्षांनी आमच्याकडे येणार होते. मागच्या वेळी पानं बाईंनीच उलटली होती. यंदाचं वादन हिवाळ्यातच ठरलं, तेव्हापासून बाई जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून तीच स्वरलिपी वाचत बसायच्या. बाकी जगाशी त्यांचं भांडण होतं. त्या खुर्चीशी नव्हतं.

जुलैत टीव्हीवाले आले. दर मंगळवारी लागणारी ती मालिका: मुलगा व्हायोलिन वाजवतो, मुलगी पियानो. मुलाला ऐकू येईनासं होतंय, मुलीला ते कळलंय, पण सांगत कुणीच कुणाला नाही. अख्खा कारखाना बुधवारी सुजलेल्या डोळ्यांनी वड्या कापायचा.

बाई म्हणायच्या, "बहिरा होतोय तर कानाच्या डॉक्टरकडे जा म्हणावं. फलाटावर उभा राहून काय रडतो?"

एक प्रसंग आमच्या सभागृहात घ्यायचा होता. नायिकेला पियानो येत नव्हता. सूर आधीच ध्वनिमुद्रित केलेले, आणि तिची बोटं ऐकू येऊ नयेत म्हणून पियानोच्या तारांमध्ये जाड लोकरी कापड कोंबलेलं. पानं उलटायला बाईंना बसवलं. गळ्यात टॉवेल टाकलेला तरुण दिग्दर्शक म्हणाला, "तो दारात दिसतो. हिचा अश्रू पानावर पडतो. पडला की तुम्ही पान उलटायचं."

"अजून दोन ओळी बाकी आहेत."

"हो, पण अश्रू तिथंच पडतो ना."

"डोळ्यांतून पाणी आलं म्हणून पान संपत नाही."

नायिका खुदकन हसली आणि तिचा मेकअप पुन्हा करावा लागला. आमचे संचालक हातोरीसाहेब बाईंना बाहेर घेऊन गेले. मी शिडीवर होतो, सगळं ऐकू येत होतं. "मिनेगिशीबाई, ऑक्टोबरात त्या खुर्चीवर कोण बसणार ते यादीत ठरतं. यादी मी करतो. आज एवढं ऐका."

बाई आत आल्या आणि अश्रूवर पान उलटलं. अकरा वेळा. सातव्या वेळेपासून अश्रू बाटलीतला होता.

सप्टेंबरात तो भाग लागला. अर्धा देश रडला आणि उरलेल्यांनी, म्हणजे ज्यांना स्वरलिपी वाचता येते त्यांनी, मोबाइलवर लिहायला घेतलं: पान उलटणारी बाई झोपली होती काय? आमच्याकडे माफी आधी मागतात, चूक कुणाची ते नंतर पाहतात, बहुतेकदा पाहतही नाहीत. सकाळी हातोरीसाहेबांनी सभागृहाच्या काचेवर कागद लावला: 'स्थानिक सहायकाच्या अपुऱ्या तयारीमुळे रसिकांना झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.' साहेबांच्या मते हा निव्वळ शिष्टाचार होता. ओकिमुरांच्या कार्यालयानं तो कबुलीजबाब म्हणून वाचला. अतिशय नम्र फोन आला: पानांसाठी दुसरं कुणी मिळेल का?

बाई कारखान्यातले पांढरे रबरी बूट घालूनच साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"एक फोन करा. सांगा, तिला सांगितलं म्हणून तिनं उलटलं."

"माफी मागितल्यावर कारण द्यायचं म्हणजे माफी परत घेतल्यासारखं होतं. बरं दिसत नाही ते."

"चूक माझी होती?"

"तसं कुणी म्हणालंय का? आम्ही फक्त माफी मागितली."

"मग तुमचं नाव घालून मागायची."

साहेबांनी चहा मागवला. बाई चहा येण्याआधीच निघून गेल्या.

गावात स्वरलिपी वाचता येणारा आणि मैफलीच्या रविवारी रिकामा असणारा दुसरा माणूस मीच निघालो. शाळेच्या बँडमध्ये सहा वर्षं ट्रॉम्बोन वाजवलेला. साहेबांनी मला तयार करायचं काम बाईंनाच दिलं, इतका त्यांचा निगरगट्टपणा. आणि बाई आल्या.

"तुझ्यासाठी आले नाही," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याला तुझ्या तावडीत असं सोडवत नाही."

दोन आठवडे मी शिव्या खाल्ल्या. डाव्या हातानं, वरच्या कोपऱ्यातून, बाही पानाला न लागता. "श्वास कमी घे. तुझा श्वास म्हणजे भाताचा कुकर." एकदा विचारलं, मैफलीला येणार का. "मी तयारी न झालेली स्थानिक सहायक आहे," बाई म्हणाल्या. "घरी बसून तयारी करते."

त्या रविवारी दुपारी मी काळ्या कपड्यांत त्या खुर्चीवर बसलो. ओकिमुरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या लेखी मी फर्निचर, आणि ते योग्यच. मैफल झाली, टाळ्या झाल्या. हातोरीसाहेबांनी पाठीवर थाप मारली. "कुणाला फरक कळला नाही," म्हणाले.

बाहेर, आतलं वादन ऐकवणाऱ्या ध्वनिक्षेपकाखालच्या बाकावर बाई बसल्या होत्या. मांडीवर मिटलेली स्वरलिपी.

"तिसरा भाग, चौदावं पान," त्या म्हणाल्या. "तुला उशीर झाला. त्यांनी स्वतः उलटलं."

मी विचारलं, "बाहेर बसून पान उलटलेलं दिसलं तुम्हाला?"

"पान नाही दिसत. डावा हात पान उलटायला गेला म्हणून चार स्वर सुटले. मोजले मी." मग माझ्या खांद्यावरून आत साहेबांकडे पाहिलं, आणि जरा मोठ्यानंच म्हणाल्या, "चारच्या चार."

दोन वर्षांत मी मिनेगिशीबाईंना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं.