रुमालाखाली पाच बोटं

थोरल्या काकांची केजला धान्याची आडत होती आणि घरात शेवटचा शब्द त्यांचाच. एम.एस्सी. झाल्यावर मला थंड अणूंवर संशोधन करायला परगावी जायचं होतं. वडील म्हणाले, "काकांना पटव."

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत, आणि घरात मी तशीही मोजकंच बोलायचे. गावात नुकतीच केबल आली होती; आत बायका टीव्हीसमोर होत्या. ओसरीवर काकांनी विचारलं, "हे अणू गार कावून करायचे? आन् त्यात बघणार काय तू?"

मी चपलांचं उदाहरण दिलं. जोडातली एक इथं, दुसरी परळीला. इथली डावी निघाली, की तिकडची उजवी हे न बघताच कळतं.

"ह्यात काय नवल? ती आधीपासूनच डावी हाय की," काका म्हणाले. वडील हसले.

खरंच होतं ते. अणूंचं आधी काहीच ठरलेलं नसतं, नवल तेच. पण मराठी शब्द सुचेनात. मी काकांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. मोंढ्याच्या बाजारात धान्याचा भाव असाच ठरे, न बोलता, बोटं दाबून. लहानपणी पोत्यांवर बसून मी ते पाहत असे. बाईचा हात त्या रुमालाखाली कधी गेलेला नव्हता.

"आता भाव कुणाच्या हातात आहे, काका?"

"कुणाच्याच न्हाई. ठरायचाय अजून."

"अणूंच्या जोडीचं तसंच. उत्तर एकट्यात नसतं, दोघांत मिळून असतं. लांब नेले तरी जुळतं. पण धक्का लागला की सुटतं. गरम अणू सारखे धडकतात, म्हणून गार करायचे."

काकांनी हात काढला नाही.

"किती वर्षं?"

मी तोंड उघडलं नाही. त्यांची पाचही बोटं धरली. त्यांनी माझी तीन दाबली. मी पुन्हा पाच. त्यांनी चार. इथं बोलायचं नसतं, एवढंच मला हवं होतं. मी पाच धरली आणि सोडली नाहीत.

"लई ताठ हाय ही."

"काय ठरलं?" वडिलांना बाहेरून काहीच कळत नव्हतं.

काकांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला. "ठरलं तिच्याच भावानं. बॅग घ्या तिला एक, चांगली."