गेट बदललं, चिठ्ठी जुनीच

परवा वाडीच्या गोडाऊनवर आमच्या सॉफ्टवेअरने जो तमाशा केला, तो सांगूनच टाकते. पोटात ठेवून ठेवून ॲसिडिटी व्हायला लागली आहे...

आम्ही प्रताप नगरमध्ये बसून ट्रान्सपोर्टवाल्यांचे प्रोग्राम लिहितो. कोणत्या गेटवर माल उतरवायचा ते सुपरवायझर स्क्रीनवर ठरवतो आणि ड्रायव्हरला तशी चिठ्ठी छापून मिळते. परवा सुपरवायझरने गेट बदललं... चिठ्ठीवर मात्र जुनंच! अमरावती रोडपर्यंत ट्रकची लाइन लागली आणि शिव्या आम्हाला.

कारण साधं होतं. 'गेट' हे ग्लोबल व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामने वाचायचा एकच फळा, पायथॉनच्या सेटिंग्ज फाइलमध्ये, आणि चिठ्ठी छापणाऱ्या मॉड्यूलने सुरुवातीलाच त्याची व्हॅल्यू उचलून स्वतःजवळ ठेवलेली. सकाळी फळा वाचून निघालेल्या माणसाला दुपारी फळा पुसला हे कसं कळणार? दर वेळी थेट सेटिंग्जमधूनच वाचायचं, एवढंच करायला हवं होतं.

हे मी टीम लीडला आधीच सांगितलं होतं. कोड त्याचाच. "काहून एवढं डोकं लावून राहिली वं? चालून राहिलं ना!" म्हणाला. चाललं... परवापर्यंत.

चूक मी शोधली, दुरुस्त केली, ट्रक हलले. मग आमच्या कंपनीच्या मालकांसमोर मीटिंग. तिथे हा गृहस्थ शांतपणे म्हणतो, "नवीन मुलीकडून राहून गेलं होतं सर, मी करून घेतलं." घ्या! मी तोंड उघडलं तर मालक म्हणाले, "जाऊ दे, शिकशील हळूहळू." चोर तो चोर, वर शिरजोर... आणि प्रोबेशन वाढलं माझं.

डोळ्यांत पाणी आलं ते मात्र काल. पर्मनंट झाले की आईला सावनेरहून इकडे आणायचं, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. एकटीच असते ती तिथे. तिचा फोन आला, "शेळी देऊन टाकली वं शेजारच्या बाईले. कधी येऊन राहिली मले न्यायले?"

"येते, येते," म्हटलं आणि फोन ठेवला.

ड्रायव्हरच्या हातात जुनं गेट गेलं म्हणून मी किती चिडले होते... आणि आई अजून माझं जुनंच उत्तर धरून बसली आहे. ते बदललंय, हे तिला सांगायला माझीच जीभ रेटत नाही.