आजीचं नाव पाळण्यात

वर्गात रोज हजेरी घेऊन मला एक खोड लागली आहे. कुठलं जुनं नाव परत येणार, हे मी आधीच सांगून ठेवते. सौसरच्या मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे नावं सतत कानावरून जातात. ‘सगुणा’ येणार असं मी स्टाफरूममध्ये म्हटलं, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. पुढे हसणाऱ्यांपैकीच एकीच्या नातीचं नाव सगुणा ठेवलं गेलं. मी फक्त पेढा दोनदा घेतला.

माझा हिशेब साधा आहे. आईचं किंवा मावशीचं नाव कोणी मुलीला ठेवत नाही, ती नावं अजून घरात वावरत असतात. त्यामुळे संगीता, सुनीता, कल्पना यांना बराच वेळ थांबावं लागेल. पण आज्या-पणज्यांच्या नावामागचं ‘बाई’ काढलं की ते एकदम नवंकोरं दिसतं. गिरजा, रुक्मा, रमा. आमच्या भागात आणखी एक अट असते. नाव हिंदीतही चाललं पाहिजे, कारण राज्य हिंदी, कागदपत्रं हिंदीत निघतात आणि अर्धा बाजारही हिंदीतच बोलतो. धोंडाबाई मात्र कुठल्याच भाषेत परत येणार नाही, त्यावर मी पैज लावायला तयार आहे.

एवढी हुशारी करूनही माझ्याच माहेरी येणाऱ्या नावाचा मला अंदाज आला नाही.

माझं माहेर पांढुर्ण्याचं. भावाची तिगावच्या बाजूला संत्र्याची बाग आहे. त्याला मुलगी झाली आणि वहिनीने नाव सुचवलं ते थेट माझ्या आजीचं. वहिनी नागपूरची. तिला ते मोबाईलवर सापडलं होतं, आणि आपल्या आजेसासूचंही तेच होतं हे कळल्यावर तर ती हरखूनच गेली. मीही खूश झाले. नाव इथे लिहीत नाही, कारण वहिनी लेकीचा फोटोसुद्धा स्टेटसला ठेवू देत नाही. फुलाचं आहे, एवढं पुरे.

आई तेवढी गप्प होती. ती या घरात आली तेव्हापासून तिने सासूचं नाव कधी तोंडून काढलं नव्हतं. आमच्याकडे सुना काढतच नाहीत. आजीला ती ‘आत्याबाई’ म्हणायची. आजीला जाऊन काही वर्षं झाली, तरी बाजारात गेल्यावर आई ते फूल मागत नाही. शेवंती घेते आणि परत येते.

“तुले नाव आवडलं नाही का?” मी विचारलं.

“नाव चांगलंच आहे वं,” आई म्हणाली. “पण त्या नावाच्या पोरीले मी ‘मुतली काय’ म्हणून कसं विचारू?”

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली, म्हणून मला वाटलं, मिटलं.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव मोठ्याने सांगितलं. सावरगावहून आलेल्या बायका म्हणाल्या, किती मॉडर्न नाव! आईने पाळण्याची दोरी ओढली. पाळणा म्हणताना नावाची ओळ आली की ती गप्प बसे आणि पुढची ओळ धरी.

त्यानंतर ती नातीला ‘आत्याबाई’ म्हणू लागली. तेही अगदी अदबीनं. “आत्याबाई, दूध पेता काय? आत्याबाई, उठा जी, ऊन आलं.” दोन दातांची ती आत्याबाई आजीच्या मांडीवर बसून राज्य करायची. सगळ्यांना गंमत वाटे. फक्त वहिनीला वाटत नसे. एकदा भांडी आवरताना ती मला म्हणाली, “ताई, मी त्यांच्यासाठीच हे नाव ठेवलं होतं. आजीबाईंचं नाव घरात परत येईल, आईंना बरं वाटेल. त्या तर घेतच नाहीत.” तिचे डोळे भरून आले होते. मला आईचा फार राग आला. जाऊन तिला म्हटलं, “आजी जाऊन इतकी वर्षं झाली, आता कोणाले भेते तू?” ती म्हणाली, “भेत नाही. जीभच वळत नाही, तं काय करू?” ती खरंच सांगत होती.

मुलगी बोलायला लागली. दिवसभर आजीजवळ असायची, त्यामुळे बोलीही आजीचीच.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो होतो. गर्दी होती, रांग हळूहळू सरकत होती. पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईने पोरीच्या गालाला हात लावून विचारलं, “नाव काय वं तुह्यं?”

“आत्याबाई,” पोरगी ठणठणीत आवाजात म्हणाली.

रांगेतले दहा जण हसले. भाऊ हसला, मीही हसले. पोरीने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. ओठ थरथरायला लागले आणि तिने आजीच्या लुगड्यात तोंड लपवलं. वहिनी दुसरीकडे पाहत राहिली.

आई रांग सोडून बाजूला झाली आणि तिथल्या पायरीवर बसली. नातीला तिने समोर उभं केलं, तिचे डोळे पुसले. मग खांद्यावरचा पदर उचलून नीट डोक्यावर घेतला, सासूसमोर घ्यायची तसा.

“आत्याबाई नाही म्हणायचं,” ती म्हणाली. “तुह्यं नाव आहे...” आणि थांबली. घसा खाकरला. मान खाली घातली. मग सासूचं नाव घेतलं, इतकं हळू, की वहिनी आणि मी वाकलो म्हणून ऐकू आलं.

वहिनीने माझा हात घट्ट धरला.

आपल्याला कोणी हाक मारली असं पोरीला वाटलं असावं. रडणं विसरून ती म्हणाली, “ओ.”

आई तिच्याकडे पाहत राहिली. मग पदराआडून माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर नव्या सुनेचं हसू होतं.

“पाह्य वं,” ती म्हणाली, “रागावल्या नाही.”